सायकलीचे दुकान

आमचे जयसिंगपूर सायकलीसाठीच वसवले असावे, असे मला पुष्कळदा वाटते. राजर्षी शाहू छत्रपतींनी आपल्या जनक पित्याच्या, कागलकर जयसिंगराव घाटग्यांच्या, नावाने ही पेठ उभी केली ती व्यापारासाठी. परंतु काटकोनात छेदणारे रुंद रस्ते आणि सपाट जमीन यांचा खरा लाभ उठवला तो सायकलस्वारांनी. उदगाव-नांदणीकडून किटल्या अडकवून येणारे गवळी, अडत दुकानांतले दिवाणजी, आम्ही मास्तर मंडळी, सगळे त्यात आलो. तासाच्या भाड्याने सायकल आणायची आणि दांडीखालून पाय घालून गुडघे फोडून घ्यायचे, हे शिक्षण ज्याने घेतले नाही असा आमच्या वयाचा पुरुष गावात विरळाच! म्युनिसिपालटीचा बिल्ला आणि डबलसीटवर वाजणारी पोलिसाची शिट्टी, या गोष्टी आता इतिहासजमा झाल्या.

पण मला आज सायकल चालवणाऱ्यांविषयी फारसे सांगायचे नाही. सांगायचे आहे ते ती खोलणाऱ्यांविषयी.

मिरजेहून पुण्याच्या गाडीत बसले की वाटेत किर्लोस्करवाडी लागते. हे एवढे कारखान्याचे गाव, पण त्याचे मूळ बेळगावच्या एका सायकलीच्या दुकानात आहे. १८८८ साल. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिकवीत. ते सायकली धाडायचे आणि बेळगावात बंधू रामुअण्णा त्या विकायचे, वर गिऱ्हाइकाला बसायलाही शिकवायचे. पुढे लक्ष्मणराव स्वतः बेळगावास आले, कडबा कापण्याची यंत्रे आली, लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी त्या नांगराला हात लावीनात. परंतु यंत्र विकायचे म्हणजे आधी माणसाची भीती घालवायची, हा धडा या बंधूंनी सायकलीवरच गिरवला होता, असे माझे मत आहे. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांच्या आश्रयाने कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

हा काही एकट्या बेळगावचा योगायोग नव्हे. अमेरिकेत डेटन गावी राइट बंधूंनी १८९२ साली सायकलींचेच दुकान काढले होते. १९०३ साली त्यांचे विमान उडाले, त्याचे पंखे साखळी आणि दातेरी चाकांनी फिरत होते. हे सामान कुठल्या विद्येतले, ते वाचकांना सांगायला नकोच.

आता ज्या जाड टायरांच्या सायकली घेऊन तरुण मंडळी पन्हाळ्याकडे निघतात, त्यांचीही कुळकथा हीच आहे. कॅलिफोर्नियातल्या काही खटपट्या पोरांनी भंगारातल्या, १९३०-४०च्या सुमाराच्या जुनाट सायकली डोंगरावर नेल्या आणि १९७६ पासून उतारावर शर्यती लावल्या. उलटे पायडल मारून लागणारा ब्रेक इतका तापे, की मागच्या चाकातले ग्रीस धूर होऊन जाई. दर उतारानंतर ते पुन्हा भरावे लागे, म्हणून त्या वाटेचे नावच 'रीपॅक' पडले! ही तक्रार सोसत बसण्याऐवजी त्यांनी नवे सांगाडे जोडले, ब्रेक बदलले, गियर घातले. १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये त्या खेळाला मानाचे पान मिळाले.

आमच्या वर्गातल्या पोरांपाशी एकवीस गियरच्या सायकली आहेत. साखळी उतरली की ती घरी फोन करतात. मला हे खुपते. म्हणून गेल्या पावसाळ्यात आठवीच्या वर्गात मी माझी जुनी सायकल उलटी करून टेबलावर ठेवली आणि मागचे चाक फिरवले.

"सर, चाक पुढं फिरतंय, मग पायडल का थांबलंय? आणि चाक मागं ओढलं की पायडलपण मागं का येतंय?" मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले.

उत्तर मी दिले नाही. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या मामांना बोलावून आणले. त्यांनी फ्रीव्हील खोलले, छर्रे वाटीत ओतले आणि आतली ती दोन इवलीशी 'कुत्री', जी चाकाला एकाच बाजूने अडवतात, तिच्या तळहातावर ठेवली.