हेल्थ अँड सोशल केअर

हेल्थ अँड सोशल केअर : आरोग्यसेवा आणि सामाजिक देखभाल यांचा एकत्रित व्यावसायिक विषय. ब्रिटनमध्ये शाळेच्या वरच्या इयत्तांत आणि सोळा वर्षांनंतरच्या 'फर्दर एज्युकेशन' कॉलेजांत तो शिकवला जातो. आजारी, वृद्ध व दिव्यांग माणसे आणि लहान मुले यांच्या सेवेतील कामांची ही पूर्वतयारी होय. विषय घेतला म्हणून कोणी परिचारिका किंवा समाजकार्यकर्ता होत नाही. इंग्लंडमध्ये समाजकार्याला 2003 पासून आणि परिचर्येला 2013 पासून पदवीचीच वाट आहे. मात्र त्या पदवीच्या दारापर्यंत अनेक विद्यार्थी, त्यातही बहुसंख्य मुली, याच विषयाच्या आधाराने पोचतात.

विषयाच्या नावात जी दोन क्षेत्रे शेजारी बसली आहेत, त्यांचे हिशेब सरकारदरबारी वेगळे आहेत. 5 जुलै 1948 रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा (एनएचएस) सुरू झाली आणि उपचार मोफत झाले. वृद्धांची देखभाल मात्र स्थानिक कौन्सिलांकडे गेली आणि तिला ऐपतीची चाळणी लागली. त्यामुळे कर्करोगावरील शस्त्रक्रियेला पैसे पडत नाहीत. पण स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांना रोज सकाळी उठवून आंघोळ घालायला येणाऱ्या बाईचा खर्च, इंग्लंडमध्ये शिल्लक 23,250 पौंडांहून अधिक असेल तर, बहुधा घरच्यांनाच सोसावा लागतो. स्कॉटलंडने 2002 पासून ज्येष्ठांची वैयक्तिक देखभाल मोफत केली. राज्यव्यवस्थेने जे वेगळे ठेवले ते वर्गात एकत्र शिकवायचे, ही या विषयाची खरी अडचण, आणि त्याचे महत्त्वही त्यातच आहे.

1992 मध्ये सुरू झालेल्या जीएनव्हीक्यू या पात्रतेच्या पहिल्या पाच विषयांत हा होता. 2007 पर्यंत ती पात्रता मोडीत निघाली आणि बीटेक या व्यावसायिक पात्रतेचे वजन वाढले. (आपल्याकडच्या अभियांत्रिकी पदवीशी तिचा संबंध नाही.) तिचा 'एक्स्टेंडेड डिप्लोमा' तीन ए-लेव्हल (विद्यापीठप्रवेशापूर्वीच्या परीक्षेतील) विषयांच्या तोडीचा मानतात.

अभ्यासाचा पाया म्हणजे मानवी आयुष्याचे टप्पे : शैशव, बाल्य, पौगंडावस्था, तारुण्य, मध्यमवय, वार्धक्य. प्रत्येक टप्प्याचा विचार शारीरिक, बौद्धिक, भावनिक व सामाजिक अशा चार अंगांनी करायचा असतो. जोडीला शरीररचना, संसर्गप्रतिबंध, समान वागणूक, गोपनीयता, कायदा. डिप्लोमाच्या मोठ्या स्वरूपात किमान शंभर तासांचा प्रत्यक्ष कार्यानुभव घ्यावा लागतो. बहुतेक ठिकाणी त्याआधी गुन्हेगारी नोंदींची पडताळणी होते.

पुस्तकापेक्षा वर्गातल्या कवायती अधिक शिकवतात. एका मुलीच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि दुसरीने तिला चमच्याने दही भरवायचे, काही न बोलता. पहिल्याच घासाला मान मागे जाते. मग तेच पुन्हा, पण आता 'दही आहे, गार आहे, चमचा ओठांशी आणते' असे सांगत. दुसरी कवायत नोंदवहीची. 'आजी आज हट्टीपणा करत होत्या' असे लिहिले की शिक्षक खोडतात. 'दुपारी एक वाजता जेवण नको म्हणाल्या, अर्धा कप चहा घेतला' एवढेच चालते. संध्याकाळच्या पाळीवर येणाऱ्या माणसाला हट्टीपणाचा काही उपयोग नसतो.

गैरप्रकार दिसल्यास तक्रार कशी करावी हा भागही आज ठळक आहे. त्यामागची उदाहरणे ताजी आहेत. 2011 मध्ये बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमाने विंटरबोर्न व्ह्यू या खाजगी रुग्णालयात बौद्धिक दिव्यांगांचा होणारा छळ छुप्या कॅमेऱ्याने दाखवला. 2013 च्या फ्रान्सिस अहवालाने मिड स्टॅफर्डशरच्या रुग्णालयातील अनास्था उघड केली. त्यानंतर 2015 मध्ये नव्या सेवकांसाठी 'केअर सर्टिफिकेट' आले. त्याची मानके (2025 पर्यंत पंधरा, आता सोळा) नोकरीत रुजू झाल्यावर पुरी करायची असतात. कॉलेजात दोन वर्षे हेच शिकून आलेल्यालाही बहुधा ते नव्याने करावे लागते, आणि इतके करून घरोघरी जाणाऱ्या सेवकाचे वेतन कायदेशीर किमान वेतनाच्या आसपासच राहते. विषयाला 'सोपा' म्हणून हिणवणाऱ्यांचा आधार हा पगारच असावा. अभ्यासक्रम पाहून तसे म्हणवत नाही.

2021 पासून इंग्लंडमध्ये आरोग्याची 'टी लेव्हल' ही तांत्रिक पात्रता सुरू झाली. त्यात किमान 315 तासांचे प्रत्यक्ष काम आहे. प्रौढांच्या सामाजिक देखभालीसाठी स्वतंत्र टी लेव्हल मात्र काढलेली नाही.

मनुष्यबळ अपुरे पडल्याने फेब्रुवारी 2022 मध्ये ब्रिटनने परदेशी देखभाल-सेवकांना व्हिसाची वाट खुली केली. भारतातूनही बरेच जण गेले. जुलै 2025 मध्ये परदेशातून नव्याने भरती बंद झाली. भारतात याच्या जवळचा अभ्यासक्रम 'जनरल ड्युटी असिस्टंट'चा. त्याचा भर रुग्णालयातल्या कामावर आहे. पुण्या-मुंबईत ब्यूरोमार्फत घरी येणाऱ्या मावशी हे काम बहुधा कामावरच शिकतात.