लिहिलेलें पान आणि चालतें दफ्तर

ज्ञान लिहून ठेवणें ही एक गोष्ट, आणि लिहून ठेवलेलें ज्ञान खरें राहिलें आहे कीं नाहीं हें पाहणें ही अगदीं निराळी गोष्ट होय. पहिलीची थोरवी सर्वच गातात. दुसरीकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. आधुनिक कचेऱ्यांतून ‘विकी’ नांवाची जी सामायिक टिपणवही रूढ झाली आहे, तिचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास पाहतां ह्या दुसऱ्या गोष्टीचें महत्त्व आम्हांस विशेष पटतें.

२५ मार्च १९९५ रोजीं वॉर्ड कनिंगहॅम ह्या अमेरिकन गृहस्थांनीं पहिली विकी इंटरनेटवर खुली केली. होनोलुलूच्या विमानतळावर ‘विकी विकी’ नांवाची बस धांवत असे. हवाईयन भाषेंत ‘विकी’ म्हणजे जलद. त्या बसवरून त्यांनीं हें नांव घेतलें. ज्यास चूक दिसेल त्यानेंच पान तत्काळ दुरुस्त करावें, हें ह्या वहीचें मूलतत्त्व. १९९८ मध्यें पीटर थोनी ह्यांनीं निर्माण केलेली ‘टीविकी’ कंपन्यांच्या अंतर्गत वापरांत शिरली. २००४ मध्यें ऑस्ट्रेलियांतील अ‍ॅटलासियन कंपनीची ‘कॉन्फ्लुअन्स’ आली. कामाच्या रीति, बैठकींतील निर्णय, नवागतास सांगावयाच्या गोष्टी हें सर्व अशा पानांवर येऊं लागलें.

परंतु कचेरींत दुसरें एक दफ्तर आधींपासूनच चालत होतें. माहिती कोष्टकरूपानें कशी मांडावी ह्याविषयीं आयबीएममधील एडगर कॉड ह्यांनीं १९७० मध्यें जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांतील विचारावर पुढें डेटाबेस उभारले गेले. पगार, ग्राहक, माल, हिशेब ह्यांच्या नोंदी तेथें क्षणोक्षणीं बदलत असत. विकींत कारणें होतीं, डेटाबेसांत आंकडे होते. दोहोंची गांठ घालावयाची तर कोणीतरी आंकडा पाहून पानावर उतरून घ्यावा लागे. आमच्या जुन्या पेढ्यांवरही रोजकीर्दीतील रकमा खतावणींत चढवीत. परंतु तेथें मेळ घालणारा मुनीम असे. विकीला मुनीम नव्हता.

ह्याचा प्रत्यय आम्हांस स्वतःच्याच व्यवसायांत आला. एका शिक्षणसंस्थेच्या अंतर्गत विकीवर शुल्क भरण्याची अखेरची तारीख कोणीसें उतरून ठेविली होती. पुढें मूळ नोंदींत ती तारीख अलीकडे आणली गेली. पान मात्र जसेंच्या तसें राहिलें. त्यावर विसंबून आम्हीं एका विद्यार्थ्यास ‘अजून चार दिवस आहेत’ असें सांगितलें. तो पैसे जमवून आला तेव्हां मुदत टळून गेली होती. पान लिहिणाऱ्यानें असत्य लिहिलें नव्हतें. लिहिलें त्या दिवशीं तें सत्यच होतें.

ह्या दुखण्यावर जो उपाय निघाला तो असा, कीं आंकडा उतरून न घेतां पानच मूळ दफ्तरास जोडून द्यावें. ‘जिरा’ ह्या कामांच्या नोंदवहींतील यादी कॉन्फ्लुअन्सच्या पानावर आपोआप उमटूं लागली. विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो, तिलाही बाहेरच्या डेटाबेसांतून माहिती आणणाऱ्या जोडण्या मिळाल्या. ऑक्टोबर २०१२ मध्यें विकिडेटा सुरू झाला, आणि एकाच विषयावरील निरनिराळ्या भाषांतील पानांचे दुवे एका ठिकाणीं ठेवण्याची सोय झाली. २०१३ मध्यें प्रथम हंगेरियन विकिपीडियानें तिचा लाभ घेतला. पुढें आमच्या मराठी विकिपीडियासही तो मिळाला.

तथापि जोडणीबरोबर नव्या चिंता आल्या. जोडणी करणाऱ्याच्या अधिकारानें दफ्तर उघडलें, तर ज्यानें पगारपत्रक पाहूं नये त्यासही तें दिसण्याचा संभव असतो. सगळ्या दफ्तराची किल्ली न देतां मर्यादित परवाना द्यावा, ह्यासाठीं २०१२ मध्यें ‘ओऑथ २.०’ ही पद्धति प्रमाण ठरली. परंतु मर्यादा कोठें घालावी हें अखेर मनुष्यासच ठरवावें लागतें. शिवाय वेग राखण्यासाठीं पान पुष्कळदां मागील प्रत जपून ठेवितें, आणि तीच ताजी म्हणून दाखवितें.

सर्वांत मोठा फरक मात्र आम्हांस निराळाच वाटतो. मूळ विकींत चूक दिसली कीं वाचकानें ती सुधारावी, असा करार होता. जोडून आणलेला आंकडा वाचकास पानावर सुधारतां येत नाहीं. तो मुळाशींच सुधारावा लागतो. मुळाशीं सुधारला तर शंभर पानें एकदम शुद्ध होतात, आणि मुळाशीं बिघडला तर शंभरही बिघडतात. तें मूळ कोणाच्या ताब्यांत आहे हें वाचकास ठाऊक नसेल, तर कनिंगहॅम ह्यांनीं वाचकाच्या हातीं दिलेली लेखणी नकळत काढून घेतल्यासारखेंच होतें.

म्हणून आमचें म्हणणें एवढेंच, कीं बदलणारे आंकडे जोडून आणावे, कारणें मनुष्यानें लिहावीं, आणि प्रत्येक आणलेल्या आंकड्याशेजारीं तो कोठून आला, केव्हां आला व त्याचा जबाबदार कोण, हें स्पष्ट नोंदवावें. त्या दिवशीं तारखेशेजारीं एवढी एक ओळ असती, तर त्या विद्यार्थ्यास उत्तर देण्यापूर्वीं आम्हीं विचारून घेतलें असतें.