पान आणि पर्णिका

पान आणि पर्णिका : झाड ओळखताना समोर दिसणारे हिरवे पाते हे अख्खे पान आहे की मोठ्या पानाचा एक भाग, हे आधी ठरवावे लागते. अशा भागाला पर्णिका किंवा दल म्हणतात. एकच पाते असेल तर पान साधे (आंबा, वड, जास्वंद). पाते सुट्या दलांत पूर्ण विभागलेले असेल तर संयुक्त (कडुनिंब, चिंच, कढीपत्ता). आकारमानावरून हा निवाडा होत नाही. शेवग्याचे दल नखाएवढे असते, पळसाचे तळहाताहून मोठे.

खरी भिस्त कळीवर ठेवावी. पानाचा देठ फांदीला जिथे मिळतो तिथल्या बेचक्यात कक्षकलिका असते. दलाच्या बुडाशी ती नसते. कडुनिंबाची डहाळी हातात घेऊन बाकदार, दातेरी कडेच्या एकेका पात्याच्या बुडाशी शोधले तर काहीच सापडत नाही. मधल्या दांड्यावरून मागे येत जावे. दांड्याचे फुगीर बूड फांदीला टेकते तिथे बारीकशी कळी दिसते. म्हणजे दांड्यावरची सगळी पाती मिळून पान एकच. कळी फार लहान असेल तर भिंग लागते. चिनारासारख्या झाडात ती देठाच्या पोकळ बुडाखाली झाकलेली असते, तिथे देठ काढूनच पाहावे लागते. दांड्याचे टोकही तपासावे : फांदीच्या शेंड्याला वाढता कोंब असतो, पानाच्या दांड्याला नसतो. देठाच्या बुडाशी असलेल्या उपपर्णांचाही आधार मिळतो (उदा., गुलाब), पण ती अनेक झाडांत लवकर गळतात, आणि घेवड्याच्या दलांनाही बारीक उपपर्णिका असतात. ही खूण दुय्यमच मानावी.

सर्वांत जास्त फसवतो तो आवळा. त्याच्या बारीक डहाळीवर दोन्ही बाजूंना चिमुकली पाती एकाच पातळीत इतकी दाटीने लागलेली असतात, की चिंचेच्या पानाची आठवण यावी. गळतानाही डहाळी पात्यांसकट गळते, म्हणजे वागणूकही संयुक्त पानाचीच. तरी ती डहाळी फांदीच आहे आणि प्रत्येक पाते हे स्वतंत्र, साधे पान. पुरावा उन्हाळ्याच्या तोंडाला मिळतो : पात्यांच्या बेचक्यांत हिरवट पिवळ्या फुलांचे झुबके येतात. दलाच्या बेचक्यात फूल येत नाही. मोहोराची वाट पाहायची नसेल तर पावसाळ्यात कुंपणाशी उगवणारी भुईआवळी उपटून डहाळी उलटी करावी. पात्यांच्या रांगेखाली, एकेका बेचक्यातून लोंबणारी मोहरीएवढी फळे दिसतात. आवळा आणि भुईआवळी या दोन्ही फायलँथस प्रजातीतल्या, आणि फांद्यांची ही ठेवण त्या प्रजातीत सर्रास आढळते.

सातवीण आणि काटेसावर यांचा घोळ वेगळा. दोन्हींत पंज्यासारखी पाती दिसतात. सावरीची पाच-सात दले एका लांब देठाच्या टोकावर एकत्र येतात, ते एक पान. सातविणीची पाने मात्र थेट फांदीवर, एकाच पेरावर वर्तुळात लागतात. त्यांची संख्याही नेहमी सात नसते. म्हणीतल्या पळसाची तीन पाने हीसुद्धा एकाच पानाची तीन दले. बेलाचेही तसेच, पण वनस्पतिशास्त्रासाठी म्हण बदलण्याचे कारण नाही.

लिंबाचे पान साधे वाटते. देठ आणि पाते यांमध्ये सांधा असतो, आणि पपनशीत त्या सांध्याखालचा देठ पंखासारखा रुंद होतो. त्यावरून हे एकच दल उरलेले संयुक्त पान मानले जाते.

शास्त्रीय वर्णनांत हा भेद पाळलेला असतो. थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथात (१९०१–०८) दलांचे वर्णन पानापासून वेगळे येते. दलालाच पान समजणारा वाचक पहिल्याच फाट्यावर चुकीच्या कुळाकडे वळतो. म्हणून नमुना घेताना एखादे पाते खुडू नये, कळीसह डहाळी घ्यावी आणि छायाचित्रात देठाचे बूड यायला हवे.

नियमाला अपवादही आहेत. कडुनिंबाच्याच कुळातील ग्वारिया आणि चिसोशिटन या उष्ण प्रदेशीय प्रजातींत पानाच्या टोकाला कोंब असतो आणि पुढे नवी दले येत राहतात. चिसोशिटनच्या काही जातींत तर पानाच्या दांड्यावरच फुले येतात.