एका पंगतीचं बोर्डिंग

परवा रूममेटसोबत नेरूळला फ्लॅट बघायला गेलो होतो. ब्रोकरचा पहिला प्रश्न भाड्याचा नव्हता, आडनावाचा होता. दुसरा, "नॉनव्हेज खाता का?" फ्लॅट काही मिळाला नाही. असो.

येताना वाशीत कर्मवीर भाऊराव पाटील कॉलेजची पाटी दिसली. कॉलेज रयत शिक्षण संस्थेचं. पाटी रोजची, पण त्या दिवशी साताऱ्याचं बोर्डिंग आठवलं.

जरा मागे जाऊ. खेड्यातल्या मुलाला शिकायचं तर शहरात राहायला जागा हवी, आणि जागा मिळायची ती जात विचारून. त्यावर उपाय म्हणून शाहू महाराजांच्या पाठबळाने १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. भाऊराव तेव्हा जैन बोर्डिंगात राहत. ते मिस क्लार्कच्या समारंभाला गेले, परतल्यावर आंघोळ करायला नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं, असं सांगतात.

पुढे १९१९ मध्ये त्यांनी काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह. इथे मात्र सगळ्या जातींची मुलं एकाच छपराखाली. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं. इथली शिस्त साधी होती. स्वयंपाक, झाडलोट, शेतातली कामं मुलांनीच करायची आणि जेवायला एकाच पंगतीत बसायचं.

हे ऐकायला सोपं वाटतं. पण भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळंओवळं पाळणाऱ्या घरातून आलेल्या. त्यांनी सगळ्या जातींची पोरं आपली म्हणून सांभाळली. पोरांना खाऊ घालायला पैसे पुरेनात, तेव्हा एकेक दागिना विकला. शेवटी मंगळसूत्रही गेलं. १९३० मध्ये त्या वारल्या. भाऊराव पुढे १९५९ पर्यंत होते, संस्थेचा पसारा त्यांनी पाहिला. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला फक्त ओढाताणीची वर्षं आली.

ब्रोकरवर चिडत घरी आलो खरा, पण रात्री एक गोष्ट आठवली. गेल्या वर्षी तिसरा रूममेट शोधताना आलेल्या फोनवर मीच विचारलं होतं, "पूर्ण नाव काय तुझं?"

पत्ता लिहून घ्यायला नाव लागतं, पण मी तेव्हा हातात पेनही घेतलं नव्हतं.