रिकाम्या जागा भरा

'रिकाम्या जागा भरा' हा प्रश्न मी वर्षानुवर्षे परीक्षेत काढत आले. मुलांचा आवडता, हमखास गुण देणारा. पण ऐन निवडणुकीत उमेदवारच वारला, तर मतपत्रिकेवरची त्याची जागा कशी भरायची? १८९७ साली न्यूयॉर्कच्या लोकांवर ही वेळ आली होती.

मॅनहॅटन, ब्रुकलिन वगैरे भाग एकत्र करून १ जानेवारी १८९८ पासून मोठे न्यूयॉर्क होणार होते. त्याच्या पहिल्या महापौराची निवडणूक २ नोव्हेंबरला होती. उमेदवारांत एक होते हेन्री जॉर्ज. जमिनीचे मोल समाजामुळे वाढते, म्हणून ते कराच्या रूपाने समाजाकडेच परत यावे, असे मांडणारे 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' हे पुस्तक त्यांनी १८७९ साली लिहिले होते. १८८६ मध्ये ते याच पदासाठी उभे राहिले, तेव्हा सुमारे ६८ हजार मते घेऊन दुसरे आले. तिसरे कोण? पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट!

१८९७ मध्ये मात्र जॉर्ज यांची प्रकृती साथ देत नव्हती. डॉक्टर नको म्हणत होते, तरी ते उभे राहिले. २८ ऑक्टोबरच्या रात्री एकामागून एक सभा केल्या आणि २९ च्या पहाटे हॉटेलच्या खोलीत त्यांचे निधन झाले. अंत्यदर्शनाला प्रचंड गर्दी लोटली.

मतदानाला उरले होते चार दिवस. समर्थकांनी लगेच त्यांच्या मुलाला उभे केले. त्याचेही नाव हेन्री जॉर्जच! पण त्याला सुमारे २२ हजारच मते पडली. टॅमनी हॉल या बलाढ्य संघटनेचे रॉबर्ट व्हॅन विक सुमारे २ लाख ३४ हजार मते घेऊन महापौर झाले. मुलगा पुढे काँग्रेसचा सदस्य झाला, म्हणजे तो अगदीच नालायक नव्हता. पण चार दिवसांत, तेही सुतकात, त्याला कोण काय विचारणार?

आपल्याकडे लोकसभा-विधानसभेसाठी नियम निराळा आहे. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार मतदानाआधी वारला, तर मतदान पुढे ढकलतात आणि नवे नाव देण्यासाठी पक्षाला सात दिवस मिळतात. अपक्ष वारला तर मतदान थांबत नाही. राजस्थानात करणपूरला नोव्हेंबर २०२३ मध्ये काँग्रेसचे उमेदवार वारले. तिथेही मुलालाच उमेदवारी मिळाली, पण मतदान जानेवारी २०२४ मध्ये झाले आणि तो निवडून आला.

सहानुभूतीचा भाग असेलच. तरी मला आपली पद्धत बरी वाटते. नाव पक्ष एका रात्रीत बदलू शकतो. मतदाराला मन बनवायला मात्र वेळ हवा. ती जागा पक्षाची आहे तितकीच त्याचीही आहे ना? अपक्षाच्या मतदारांना मात्र हा वेळ मिळत नाही, हे काही मला पटत नाही. तुम्हांला काय वाटते, जरूर कळवा.