दोरी, कॅमेरा आणि बुटक्या शेपटीचं रानमांजर

मागच्या महिन्यात आमच्या गटातल्या एकीची मांजर मेली. कुत्र्यानं धरलं नव्हतं, गाडीखालीही आली नव्हती. मलूल झाली, नाकातून रक्त आलं आणि दोन दिवसांत संपली. कोठीत उंदराच्या औषधाच्या वड्या ठेवल्या होत्या. मांजरीनं वडीला तोंड लावलं नव्हतं. वडी खाल्लेला उंदीर तिनं खाल्ला होता. म्हणून आज आम्ही अमेरिकेतल्या बॉबकॅटची गोष्ट सांगायचं ठरवलं. कुठे बॉबकॅट आणि कुठे आपली कोठी, असं वाटेल. पण थोडा धीर धरा.

बॉबकॅट हे रानमांजर आहे. आपल्या घरच्या मांजरीच्या दुप्पट तरी मोठं, अंगावर ठिपके, कानांच्या टोकाला केसांचे झुपके आणि शेपूट कुणी कापून टाकल्यासारखी आखूड. ससे आणि उंदीर हे त्याचं जेवण. कॅनडाच्या दक्षिणेपासून मेक्सिकोपर्यंत ते राहतं. त्याच्या शेजारी आयुष्य काढलेल्या माणसांनाही ते क्वचितच दिसतं, कारण ते बहुतेक तिन्हीसांजेला, रात्री नाहीतर पहाटे फिरतं आणि माणसाची चाहूल लागली की सटकतं.

असे प्राणी बघायचे तर माणसानं तिथं नसलेलंच बरं. ही युक्ती जॉर्ज शिरास नावाच्या एका अमेरिकन वकिलानं वापरली. तो आधी शिकारी होता. मिशिगनमधल्या ओजिब्वे लोकांची एक जुनी रीत होती. होडीच्या पुढच्या टोकाला जाळ ठेवायचा, काठावरचं हरीण उजेडाकडे टक लावून बघत राहिलं की नेम धरायचा. शिरासनं होडी आणि उजेड तसाच ठेवला, बंदुकीच्या जागी कॅमेरा आणला. पुढे 1890 च्या दशकात त्यानं पायवाटेवर दोरी ताणली. प्राण्याचा पाय दोरीला लागला की मॅग्नेशियमची भुकटी भडकायची आणि प्राणी स्वतःच स्वतःचा फोटो काढून जायचा! 1902 मध्ये ओंटारियोतल्या लून लेकच्या काठी त्यानं लिंक्सचा फोटो होडीतून काढला. लिंक्स म्हणजे बॉबकॅटची थंड मुलखातली चुलत बहीण. 1906 च्या जुलैत नॅशनल जिऑग्राफिक मासिकानं त्याचे 74 फोटो एकदम छापले. मासिकाचं चित्रांचं पुस्तक होतंय म्हणून मंडळातल्या दोघांनी राजीनामे दिले, असं सांगतात. आज त्याच मासिकाला लोक फोटोंसाठी ओळखतात.

ही दोरी आपल्याकडेही आली. 1920 च्या दशकात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्यानं शिवालिकच्या जंगलात तशीच तार लावून वाघांचे फोटो घेतले. आता दोरी गेली. ट्रॅप कॅमेऱ्याला समोरून जाणाऱ्या अंगाची ऊब कळते, आणि त्याचा रात्रीचा उजेड डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. ताडोबात, मेळघाटात वाघ मोजतात ते याच कॅमेऱ्यांनी. वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक लावतात, कारण वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात. बॉबकॅटचे ठिपकेही तसेच, प्रत्येकाचे निराळे. तेच जनावर पुन्हा आलं की दुसरं, हे त्यावरून कळतं.

बॉबकॅटच्या ठिपक्यांनी त्याच्यावर संकटही आणलं. 1975 मध्ये दुर्मिळ प्राण्यांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार लागू झाला. बिबट्याची, ऑसेलॉटची कातडी मिळेनाशी झाली आणि श्रीमंत बायकांच्या कोटांसाठी बॉबकॅटच्या कातड्याचा भाव चढला. कॅलिफोर्नियात ते सापळ्यात धरायला बंदी यायला 2015 साल उजाडलं.

आता कोठीकडे येऊ. कॅलिफोर्नियातच, लॉस एंजेलिस शहराला लागून सांता मोनिकाचे डोंगर आहेत. 1978 पासून तिथं निसर्ग राखलेला आहे. पण हे राखीव रान सलग नाही. मधे मोठे रस्ते, वस्त्या, बागा. 1996 पासून तिथले अभ्यासक बॉबकॅटच्या मागावर आहेत, गळ्यात रेडिओचे पट्टे बांधून आणि कॅमेरे लावून. कॅमेऱ्यात दिसतं की लोकांच्या परसाच्या मागूनच यांची ये-जा असते. मग 2002 नंतर खरजेची साथ आली. केस झडलेली, कातडी जाड होऊन सोललेली बॉबकॅट मरू लागली. खरूज वरून दिसत होती. पोटात काय आहे ते कॅमेऱ्याला कसं दिसणार? मेलेल्या जनावरांची यकृतं तपासली तेव्हा कळलं: रक्त गोठू न देणारं उंदरांचं विष. पुढच्या तपासण्यांत दहातल्या जवळजवळ नऊ मृत बॉबकॅटमध्ये ते सापडलं. विषानं अंगातली रोगाशी झुंजायची ताकद बिघडते, हे पुढे जिवंत बॉबकॅटच्या रक्तातूनही दिसलं.

ते विष रानात कुणी टाकलं नव्हतं. घराघरांतून, दुकानांतून, बागांच्या कडेनं टाकलं होतं. उंदीर वडी खाऊन लगेच मरत नाही. दोन-चार दिवस झिंगल्यासारखा फिरतो आणि तेव्हाच सहज सापडतो. 2020 मध्ये कॅलिफोर्नियानं कायदा केला आणि 2021 च्या जानेवारीपासून या विषांच्या जास्त जहाल जातींवर कडक बंधनं आली.

आपल्याकडे दुकानात सर्रास मिळणाऱ्या वड्यांत बहुधा ब्रोमाडिओलोन असतं. ते त्याच जहाल जातीतलं. आणि आपल्या उसाच्या फडात वाघाटी राहते, जेमतेम दीड किलोची. तोडणीच्या वेळी तिची पिल्लं सापडतात, आणि बाया ती बिबट्याची समजून घाबरतात. ती उंदरांवरच जगते. घुबडं, धामण, सगळ्यांचं तेच.

आमच्या बैठकीत यावर बराच वाद झाला. धान्य उंदरांना देऊन टाकायचं का, असं एका मावशींनी विचारलं, आणि त्यांचंही खरंच होतं. शेवटी ठरलं ते एवढं: कोठीची भोकं पत्र्यानं बुजवायची, खाली सांडलेलं धान्य रोज झाडायचं, वड्यांऐवजी पिंजरे लावायचे. ज्यांच्याकडे वड्या आधीच टाकल्यात त्यांनी मेलेला उंदीर उकिरड्यावर न फेकता काठीनं उचलून खोल पुरायचा. गटाच्या पैशातून चार पिंजरे आणलेत. पिंजऱ्यात सापडलेल्या उंदराचं करायचं काय आणि ते करायचं कुणी, यावर मात आमचं अजून एकमत झालेलं नाही.