पाच महिने आणि एक आठवडा

ऑनलाइन गेम म्हटलं की 'किती तास वाया!' हे वाक्य ठरलेलं. पण हे तास जातात कुठे?

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नोव्हेंबर २००४ मध्ये आला. आधी ६० लेव्हल चढायच्या, आणि खरा खेळ म्हणे त्यानंतर! 'मोल्टन कोअर'मध्ये ४० जणांची फौज न्यायची. एकाला घरून जेवायला हाक आली की ३९ जण खोळंबणार. तिथला शेवटचा शत्रू रॅग्नरॉस पहिल्यांदा पडला तो एप्रिल २००५ मध्ये, म्हणजे पाच महिन्यांनी.

ऑगस्ट २०१९ मध्ये तोच जुना खेळ 'क्लासिक' नावाने परत आला, आणि रॅग्नरॉस आठवड्याच्या आत आडवा! ही २००६ मधली सुधारलेली आवृत्ती होती, थोडी सोपी गेली असेल, मान्य. पण मला वाटतं, खरा फरक माहितीचा होता. १५ वर्षांत कुठे वळायचं, कुठे थांबायचं, हे सगळ्यांना पाठ झालं होतं.

म्हणजे पहिल्यांचे बरेचसे तास वाट शोधण्यात गेले होते. त्यांना वाया गेले म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. पाठ झालेल्या वाटेवरच्या तासांचं काय, ते ज्याचं त्याने ठरवावं.